मुरगावच्या धक्क्यावरची तटस्थता

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पत्रसदरात अलीकडे एका वाचकाने असे लिहिले होते की, युद्ध हजारो मैलांवर चालले आहे, आपला देश कोणाच्याच बाजूने त्यात उतरलेला नाही, तेव्हा गोव्यातल्या माणसाने पेट्रोलच्या भावापलीकडे त्याची चिंता करण्याचे कारण नाही. पत्रलेखकाचा हेतू चांगला होता. घाबरलेल्या लोकांना धीर द्यावा, एवढेच त्यांच्या मनात असावे. तरीही ज्याच्या तीन पिढ्या मुरगाव बंदराच्या आसऱ्याने जगल्या, त्या माझ्यासारख्याला ते पत्र वाचून स्वस्थ बसवेना. युद्धात उतरायचे की नाही हे राजधानीत ठरते, अशी आपली समजूत असते, पण मी बंदरावर जे ऐकले आणि पुढे निवृत्तीनंतर जे वाचले, त्यावरून मला असे वाटते की ते पुष्कळदा आधी धक्क्यावर ठरते आणि राजधानीला मागाहून कळते.

दुसऱ्या महायुद्धात गोवा तटस्थ होता, ही गोष्ट आजच्या तरुणांच्या सहसा लक्षात नसते. 3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणालाही न विचारता ब्रिटिश हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. कॅसलरॉकच्या अलीकडे मात्र पोर्तुगालचे राज्य होते, आणि पोर्तुगालने तटस्थता जाहीर केलेली होती. एकाच रेल्वेमार्गावर एक स्थानक युद्धात आणि पुढचे शांततेत, असा तो प्रकार होता. त्यातही गंमत अशी की ही रेल्वे ब्रिटिश भांडवलावर उभी राहिलेली आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील कंपनीच चालवत असलेली. गोव्याचे हजारो तारवटी, म्हणजे खलाशी, ब्रिटिश जहाजांवर नोकरीला होते, घरोघरी मनीऑर्डर यायची ती मुंबईहून, आणि भात कमी पडले की तांदूळ ब्रह्मदेशातून यायचा. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तेव्हा तटस्थ गोव्यातल्या चुलीवरची पेज पातळ झाली, असे माझी आजी सांगायची. तिला तटस्थता हा शब्द ठाऊक नव्हता. तिच्या लेखी लढाई म्हणजे महाग तांदूळ आणि न आलेले पत्र.

अशा या तटस्थ बंदरात युद्ध सुरू होताच तीन जर्मन व्यापारी जहाजे आश्रयाला आली: एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स. पुढे इटली युद्धात उतरल्यावर आन्फोरा या इटालियन जहाजानेही येथेच आसरा घेतला. यात बेकायदा असे काही नव्हते. युद्धमान राष्ट्राच्या लढाऊ जहाजाला तटस्थ बंदरात साधारणपणे चोवीस तासांच्या वर थांबता येत नाही, व्यापारी जहाजाला मात्र हवे तितके दिवस नांगर टाकून पडता येते. 1907 च्या हेग येथील करारात याच प्रकरणात आणखी एक अट आहे, आणि आपल्या बंदराच्या गोष्टीत सारे काही तिच्यावरच येऊन ठेपते. तटस्थ बंदराचा उपयोग युद्धाचे ठाणे म्हणून करता येणार नाही, विशेषतः आपल्या सैन्याशी संपर्क साधण्यासाठी तेथे बिनतारी यंत्र बसवता येणार नाही; आणि तसे होत नाही ना, यावर तटस्थ राष्ट्राने आपल्या शक्तीनुसार नजर ठेवली पाहिजे.

एहरेनफेल्सवरील यंत्रातून हिंदी महासागरातील जर्मन पाणबुड्यांना दोस्तांच्या जहाजांच्या बातम्या जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. त्या बातम्यांनी किती जहाजे बुडाली याचे जे आकडे पुढे सांगितले गेले, ते मला फुगवलेले वाटतात. पराक्रमाची कथा सांगताना शत्रूही मोठा करावा लागतो. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की संशय होता आणि पोर्तुगीज सरकारने तो दूर केला नाही. जहाजावर चढून यंत्र उखडून टाकले असते, तर जर्मनी रागावली असती. काहीच केले नाही, तर ब्रिटन रागावणार होते. पणजीच्या राजवाड्यातील लोकांनी तिसरा मार्ग पत्करला, तो म्हणजे न पाहण्याचा.

मग 9 मार्च 1943 च्या रात्री जे झाले, ते वास्कोच्या जुन्या लोकांना ऐकून माहीत आहे. ब्रिटिशांच्या गुप्त कारवाया करणाऱ्या संघटनेला उघडपणे नौदल पाठवता येईना, कारण तटस्थ देशाच्या बंदरात गणवेशातला सैनिक शिरला की तो थेट त्या देशावरचा हल्ला ठरतो. म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स नावाच्या हौशी घोडदळातील माणसे निवडली गेली. कंपन्यांत हिशेब ठेवणारे, ताग आणि चहाच्या व्यापारातले, पोट सुटू लागलेले हे प्रौढ गृहस्थ सुट्टीवर निघाल्यासारखे रेल्वेने कोचीनला गेले. त्यांच्यासाठी फीबी नावाची एक जुनाट बार्ज कलकत्त्याहून अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून तेथे आणली होती. त्या बार्जवरून ते रात्रीच्या अंधारात मुरगावात शिरले आणि एहरेनफेल्सवर चढले. झटापटीत जहाजाचा कप्तान आणि काही खलाशी मारले गेले. जर्मनांनी आधीच ठरवून ठेवल्याप्रमाणे जहाज बुडवण्यासाठी त्यात पाणी सोडले, आणि बाकीच्या जहाजांवरील खलाशांनीही हल्ल्याच्या धास्तीने आपापली जहाजे पेटवून दिली व बुडवली. त्या रात्री बंदरातले बहुतेक जर्मन खलाशी एका मेजवानीसाठी गावात होते आणि ती मेजवानी मुद्दाम घडवून आणलेली होती, असे सांगतात. माझे आजोबा तेव्हा धक्क्यावर हमाली करत. पहाटे समुद्र पेटल्यासारखा दिसत होता, आणि कामावर गेल्यावर मुकादमाने कोणी काही पाहिले नाही असे सर्वांना बजावले, एवढेच ते सांगत.

आणि खरोखर कोणी काही पाहिलेच नाही. ब्रिटनने कबूल केले नाही. ज्यांनी छापा घातला त्यांना ना पदक मिळाले ना निवृत्तिवेतन. 1970 च्या दशकाच्या अखेरीस एका इंग्रजी पुस्तकातून ही हकीकत बाहेर आली आणि लगोलग तिच्यावर सिनेमाही निघाला. त्या सिनेमात छापा घालणाऱ्या गोऱ्यांची थट्टा आणि शौर्य दोन्ही भरपूर आहे. ज्यांच्या बंदरात हे घडले त्या लोकांचा चेहरा त्यात दिसत नाही. ते एक असो.

मला सर्वांत अधिक विचार करायला लावते ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातील गोष्ट. ज्या मुरगावात मार्चमध्ये तटस्थतेचे असे धिंडवडे निघाले, त्याच मुरगावात सात महिन्यांनी ग्रिप्सहोम हे स्वीडिश जहाज अमेरिकेहून सुमारे दीड हजार जपानी नागरिकांना घेऊन आले, आणि तेया मारू हे जपानी जहाज जपानच्या ताब्यातील मुलखातून जवळजवळ तितक्याच अमेरिकी, कॅनेडियन वगैरे नागरिकांना. दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांसमोरून चालत गेली आणि जहाजे बदलली. एकमेकांचे गळे धरणाऱ्या देशांना माणसांची अदलाबदल करायला कोठेतरी कोरडी जमीन लागते, आणि ती त्यांना आपल्या धक्क्यावर मिळाली. म्हणजे तटस्थ बंदराची गरज होती, तेव्हा त्याचा मान राखला गेला. अडचण झाली, तेव्हा तो राखला गेला नाही. मधल्या सात महिन्यांत गोव्याविषयीच्या पोर्तुगालच्या धोरणातला एक शब्दही बदललेला नव्हता.

पोर्तुगालची ही एकच तटस्थता त्या युद्धात चार ठिकाणी चार गतींना गेली, असे मी म्हणेन. मुरगावात तिचा एका रात्रीपुरता भंग झाला. चीनच्या किनाऱ्यावरील मकाव या पोर्तुगीज वसाहतीला जपानने वेढून टाकले पण ताब्यात घेतले नाही. उलट 16 जानेवारी 1945 रोजी अमेरिकी विमानांनी तेथील इंधनसाठ्यावर बॉम्ब टाकले आणि युद्धानंतर अमेरिकेला त्याची भरपाई द्यावी लागली. अटलांटिक महासागरातील असोरेस बेटांवर 1943 च्या ऑक्टोबरात पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांनी ब्रिटिशांना तळ उघडून दिला, तोही 1373 सालच्या मैत्रीच्या तहाचा दाखला देऊन. साडेपाचशेहून अधिक वर्षांपूर्वीचा तह बासनातून काढायला लागला, यावरून त्याची निकड कळावी. तटस्थ देशाने युद्धमान देशाला विमानतळ द्यायचा आणि तरी तटस्थच म्हणवायचे, ही कसरत जमली, कारण तोपर्यंत जर्मनीत पोर्तुगालला धडा शिकवण्याची ताकद उरली नव्हती. हेच दोन वर्षे आधी केले असते, तर लिस्बनचे काय झाले असते, याचा विचार करावा.

चौथे ठिकाण तिमोर, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेचे बेट; त्याचा पूर्वेकडील भाग पोर्तुगालकडे होता. गोमंतकीयांनी त्याची आठवण विशेष ठेवायला हवी, कारण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तिमोरचा कारभार गोव्यातूनच चालत असे. 1941 च्या डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर दहा दिवसांतच, 17 डिसेंबर रोजी, ऑस्ट्रेलियन आणि डच सैनिकांची एक छोटी तुकडी पोर्तुगीज तिमोरमध्ये दिली या बंदरात उतरली. जपानी येतील म्हणून आम्ही आधी आलो, तुमच्या रक्षणासाठीच आलो, असे त्यांचे म्हणणे होते. पोर्तुगालने निषेध केला. बोलणी झाली, आणि मोझांबिकहून पोर्तुगीज फौज आणून दोस्तांच्या तुकडीने निघून जावे असे ठरू लागले. ती फौज पोहोचण्याआधीच 1942 च्या फेब्रुवारीत जपानी उतरले, आणि त्यांच्याकडे सबब तयार होती: बेटावर आमचे शत्रू आहेत. पुढची साडेतीन वर्षे त्या बेटावर जे झाले, त्यात 40 हजारांहून अधिक तिमोरी माणसे मेल्याचा अंदाज आहे. काही उपासमारीने, काही रोगाने, काही ऑस्ट्रेलियनांना आसरा दिल्याबद्दल झालेल्या सूडात. आणि या सबंध काळात जपान व पोर्तुगाल यांच्यात युद्ध पुकारले गेलेच नाही. कागदावर ते बेट अखेरपर्यंत तटस्थ होते.

एकाने रक्षणाच्या नावाखाली पाऊल ठेवायचे, दुसऱ्याने ते पाऊल दाखवून चाल करून यायचे, हा क्रम तिमोरपुरता नाही. 1940 च्या फेब्रुवारीत आल्टमार्क हे जर्मन जहाज सुमारे तीनशे ब्रिटिश खलाशांना तळघरात कोंडून तटस्थ नॉर्वेच्या किनाऱ्याने चालले होते. नॉर्वेचे अधिकारी जहाजावर गेले, पण तळघर उघडून पाहिले नाही. शेवटी ब्रिटिश विनाशिकेने नॉर्वेच्या हद्दीत शिरून कैदी सोडवले. नॉर्वेने निषेध केला, ब्रिटनने तो ऐकून घेतला, आणि नॉर्वे आपल्या पाण्याचे रक्षण करू शकत नाही हे हिटलरने मनात नोंदवले. 9 एप्रिलला जर्मन फौजा ऑस्लोत उतरल्या. स्वीडनचे लोखंड हिवाळ्यात नार्विक बंदरातून जर्मनीला जाई, हे खरे कारण त्यामागे आधीपासून होतेच; पण लोखंडासाठी देश घ्यायचा तर निमित्त लागते, आणि न उघडलेल्या तळघराने ते मिळाले. कंबोडियाचे राज्यकर्ते सिहानूक यांनी तटस्थ म्हणवत 1965 मध्ये अमेरिकेशी संबंध तोडले आणि व्हिएतनामी साम्यवाद्यांना मात्र अडवले नाही; त्यांच्याच नावाच्या सिहानूकविल बंदरातून शस्त्रे उतरत राहिली. 1969 च्या मार्चपासून अमेरिकी विमानांनी त्या तटस्थ देशावर गुपचूप बॉम्ब टाकायला सुरुवात केली, आणि वर्षभरात सिहानूक यांची सत्ता उलथली. तेथे पुढे ख्मेर रूजच्या राजवटीत जो नरसंहार घडला, तो सर्वांना ठाऊक आहे.

मी येथवर तटस्थ देशाला निर्दोष ठरवत आलो, असे कोणास वाटेल. तसे नाही. काही वेळा देश ओढला जात नाही, तो स्वतः दोरी हातात देतो. पहिल्या महायुद्धातील पोर्तुगालचेच पाहा. 1910 मध्ये राजेशाही जाऊन आलेले प्रजासत्ताक नवे होते, युरोपात त्याला फारशी पत नव्हती, आणि ब्रिटन व जर्मनी आपल्या वसाहती वाटून घेतील अशी त्याला धास्ती होती, जी अगदीच निराधार नव्हती. युद्धात ब्रिटनच्या बाजूने उतरलो तर वाटणीच्या टेबलावर आपलीही खुर्ची असेल, असा लिस्बनमधील एका गटाचा हिशेब होता. ब्रिटनला मालवाहू जहाजांची टंचाई होतीच. 1916 च्या फेब्रुवारीत ब्रिटनने विनंती केली आणि पोर्तुगालने आपल्या बंदरांत आश्रयाला असलेली सुमारे 70 जर्मन जहाजे ताब्यात घेतली; मुरगावातही अशी जहाजे होती. जर्मनीने युद्ध पुकारले ते 9 मार्च 1916 रोजी. एहरेनफेल्सची रात्रही 9 मार्चचीच, सत्तावीस वर्षांनंतरची. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून काही काढू नये, हे मला कळते. पण दोन्ही वेळा कारण बंदरात आश्रयाला आलेले जर्मन जहाज होते, हा मात्र योगायोग नाही. पोर्तुगालने फ्लँडर्सच्या खंदकांत सैन्य पाठवले. 9 एप्रिल 1918 च्या एका दिवसाच्या लढाईत त्यातील सुमारे सात हजार माणसे मारली गेली, जखमी झाली किंवा कैद झाली. खुर्ची मिळाली, पण तिच्यावर बसल्यावर हाती फारसे काही आले नाही.

आता आजच्या गोष्टीकडे येतो, कारण मूळ पत्रलेखकांचा प्रश्न आजचा आहे. आपला देश पोर्तुगालइतका दुबळा नाही, आणि मुरगावात रात्री कोणी बार्ज घेऊन शिरेल अशी भीती मी घालत नाही. परंतु 1991 च्या जानेवारीत, आखाती युद्ध चालू असताना, चंद्रशेखर यांच्या सरकारने अमेरिकी लष्करी विमानांना मुंबई, मद्रास आणि आग्रा येथे इंधन भरू दिले होते, आणि ती गोष्ट लोकांना विमाने उतरू लागल्यावर वर्तमानपत्रांतून कळली. मग गदारोळ झाला आणि परवानगी मागे घ्यावी लागली. 2016 मध्ये अमेरिकेशी परस्परांचे तळ इंधन आणि पुरवठ्यासाठी वापरण्याचा करार झाला. तो करार कोणाला आपोआप हक्क देत नाही, प्रत्येक वेळी परवानगी लागते, असे सरकार सांगते, आणि ते खरे आहे. माझा मुद्दा नेमका त्या परवानगीविषयी आहे. युद्ध नसताना दिलेले इंधन हा पाहुणचार असतो. तेच इंधन घेऊन तेच जहाज दुसऱ्या दिवशी कोणावर क्षेपणास्त्र डागणार असेल, तर ज्याच्यावर ते पडते तो आपल्याला पाहुणचार करणारा म्हणत नाही.

आणि गोव्यापुरते बोलायचे, तर आपला माणूस जहाजावर आहे. 23 डिसेंबर 2023 रोजी केम प्लूटो या टँकरवर ड्रोन आदळले, ते गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे 200 सागरी मैलांवर. त्यावरील खलाशी जवळजवळ सगळे भारतीय होते. 13 एप्रिल 2024 रोजी इराणने होर्मुझजवळ एमएससी एरीस हे जहाज ताब्यात घेतले, तेव्हा त्यावर 17 भारतीय होते. त्या बातम्या आल्या त्या रात्री सासष्टी आणि बार्देशमधील किती घरांत दिवे मालवले नसतील, याची मला कल्पना आहे. कारण माझा भाचा आखातातल्याच जहाजावर आहे, आणि आमच्या घरातले मालवले नव्हते. खलाशाच्या खिशातील पारपत्र तटस्थ देशाचे आहे, हे ड्रोनला दिसत नाही. त्याच्या जहाजाचा मालक कोण, त्यात माल कोणाचा, तो कोणत्या बंदरातून निघाला, एवढेच पाहिले जाते. म्हणून हे युद्ध आपले नाही, असे निदान तारवट्यांच्या घरात जाऊन कोणी बोलू नये.

मूळ पत्रलेखकांशी माझे भांडण नाही. तटस्थ राहावे, हेच मलाही वाटते. पण 1943 मध्ये पणजीतील राज्यकर्त्यांनी बिनतारी यंत्र वेळीच उखडले असते, तर मार्चची ती रात्र टळली असती, असे मी मानतो. तटस्थ राहायचे असेल तर आपल्या बंदरात कोण आले, कशासाठी आले आणि काय घेऊन गेले, हे आपणच आधी पाहिले पाहिजे, आणि पाहिलेले उघडपणे सांगितले पाहिजे.

म्हणून आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. परदेशी युद्धनौका मुरगावला येते, तेव्हा आपण सदिच्छा भेट अशा मथळ्याखाली तिचे छायाचित्र छापता, शाळेची मुले तिच्यावर फिरल्याचे लिहिता, आणि कधी कधी क्रिकेटचा सामना कोण जिंकला तेही. यापुढे त्याच बातमीत आणखी तीन ओळी असाव्यात: ती किती तास थांबली, तिने काय भरून घेतले, आणि येथून ती कोठे गेली. पहिल्या दोन गोष्टी धक्क्यावर कोणालाही विचारून कळतात. तिसरीसाठी आपल्या दिल्लीच्या प्रतिनिधीला थोडी तसदी घ्यावी लागेल. तसेच, 1943 च्या ऑक्टोबरात मुरगावात झालेल्या त्या अदलाबदलीविषयी किंवा मार्चमधील आगीविषयी ज्यांच्या घरात वडीलधाऱ्यांकडून काही ऐकलेले असेल, त्यांनी ते आपल्याकडे पाठवावे असे आवाहन आपण छापलेत, तर मी आजोबांचे जे थोडे आठवते ते लिहून द्यायला तयार आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त बंदर कर्मचारी,
हेडलँड सडा, मुरगाव